पाच वाक्यं, पस्तीस गुण : विद्यार्थ्यांचं समाधान मोजणाऱ्या मापनीचं परीक्षण

'महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या जीवनसमाधानावर परिणाम करणारे घटक' हा लघुप्रबंधाचा ठरलेला विषय आहे. मानसशास्त्र, समाजकार्य, बी.एड., एमबीए, कुठल्याही विभागात तो निघतो, आणि प्रश्नावली उघडली की बहुतेक वेळा पहिल्याच पानावर एक मापनी भेटते : सॅटिस्फॅक्शन विथ लाइफ स्केल. एड डीनर, रॉबर्ट एमन्स, रँडी लार्सन आणि शॅरन ग्रिफिन या चौघांनी ती १९८५ मध्ये प्रसिद्ध केली. वाक्यं पाच, प्रत्येकापुढे १ ते ७ असे आकडे, बेरीज कमीत कमी ५ आणि जास्तीत जास्त ३५. भरायला दोन मिनिटं पुरतात. विकत घ्यावी लागत नाही, परवानगीचं पत्र लागत नाही, फक्त कर्त्यांचा उल्लेख करायचा. एकेका पुस्तिकेमागे पैसे मोजायला लावणाऱ्या चाचण्यांच्या बाजारात ही मोठीच सोय आहे.

पण सोपी आणि फुकट म्हणून ती कशीही वापरली जाते. हे परीक्षण लघुप्रबंध लिहिणाऱ्यांसाठी आहेच. पण आपल्या मुलामुलींचं नेमकं काय चाललंय हे खरोखर जाणून घ्यायचंय, अशा वसतिगृहाच्या रेक्टरांसाठी आणि कॉलेजच्या समुपदेशकांसाठी ते जास्त आहे. मत आधीच सांगून टाकतो : गटाचा अंदाज घ्यायला मापनी भक्कम आहे, एकट्या विद्यार्थ्याबद्दल निवाडा द्यायला ती अपुरी पडते, आणि मराठीत आणताना शब्द चुकले तर ती समाधान सोडून भलतंच काहीतरी मोजते.

आधी तिची जमेची बाजू. मापनी मुळात विद्यार्थ्यांवरच तयार झाली. इलिनॉय विद्यापीठातल्या १७६ पदवी विद्यार्थ्यांच्या नमुन्यात मध्यमान (सरासरी) २३.५ आणि प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरलेत ते सांगणारा आकडा, ६.४३ आलं. पाचही वाक्यं एकमेकांशी किती जुळून चालतात ते सांगणारा अल्फा ०.८७ होता आणि दोन महिन्यांनी पुन्हा भरून घेतल्यावरचा सहसंबंध, म्हणजे दोन्ही वेळचे गुण किती जुळतात तो आकडा, ०.८२. दोन्ही आकडे १ च्या जितके जवळ तितके चांगले. पाच वाक्यांच्या मापनीसाठी हे आकडे उत्तम आहेत. तिचा दुसरा गुण असा, की ती कशाकशाबद्दल समाधान ते विचारत नाही. पैसा, आरोग्य, मैत्री, अभ्यास यांपैकी कशाला किती वजन द्यायचं ते भरणाऱ्यावर सोपवते. एखाद्याला मार्क महत्त्वाचे, एखादीला घरापासून लांब स्वतःच्या पायावर उभं राहणं महत्त्वाचं. दोघांनाही आपापल्या मापाने उत्तर देता येतं.

गुणांचे टप्पे ठरलेले आहेत. ३१ ते ३५ अत्यंत समाधानी, २६ ते ३० समाधानी, २१ ते २५ थोडेसे समाधानी, २० म्हणजे ना इकडे ना तिकडे, १५ ते १९ थोडेसे असमाधानी, १० ते १४ असमाधानी आणि ५ ते ९ अत्यंत असमाधानी. हे टप्पे सोयीसाठी आहेत. २० आणि २१ यांच्यामध्ये भिंत नाही.

आता मराठीचा प्रश्न, आणि सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. पहिल्या वाक्यात आपलं आयुष्य आपल्या कल्पनेतल्या आयुष्याच्या किती जवळ आहे असं विचारलेलं आहे. अनुवाद करणारा सरळ 'आदर्श' शब्द वापरतो. पण मराठीत आदर्श म्हटलं की आदर्श विद्यार्थी, आदर्श गाव, आदर्श सून. म्हणजे वागणुकीचा नमुना. वाचणारी मुलगी मनात म्हणते, 'आपण कुठले आदर्श!' आणि ३ वर खूण करते. तिने समाधान मोजलं नाही, विनय दाखवला. 'माझं आयुष्य बहुतेक बाबतींत माझ्या मनासारखं आहे' असं लिहिलं की प्रश्न जागेवर येतो. मनासारखं हा शब्द आजीपासून नातीपर्यंत सगळ्यांना एकाच अर्थाने कळतो.

दुसरं वाक्य त्याहून घातक. 'माझ्या आयुष्यातली परिस्थिती उत्तम आहे' हा अनुवाद व्याकरणाने निर्दोष आहे, पण 'परिस्थिती' या शब्दाला आपल्याकडे एक पक्का अर्थ चिकटलेला आहे : घरची आर्थिक स्थिती. 'परिस्थिती बेताची आहे', 'परिस्थितीवर मात करून शिकला'. जालना, धाराशिव किंवा नंदुरबारहून पुण्यात आलेल्या मुलाला हे वाक्य दाखवलं, तर तो वडिलांची जमीन, कर्ज आणि बहिणीचं लग्न यांचा हिशेब करून आकडा देतो. पाच प्रश्नांतला एक प्रश्न असा नकळत उत्पन्नाचा होऊन बसतो. मग संशोधक पुढच्या प्रकरणात 'कौटुंबिक उत्पन्न आणि जीवनसमाधान यांच्यात लक्षणीय सहसंबंध आढळला' असं लिहितो. आढळणारच, तो अनुवादाने आत घातलेला आहे. त्याऐवजी 'माझ्या आयुष्यात सध्या सगळ्या बाजूंनी उत्तम चाललं आहे' असं वाक्य घ्यावं.

तिसरं वाक्य दिसायला सर्वांत सोपं. 'मी समाधानी आहे' असं लिहिलं, की मराठी माणसासमोर स्वभावाचा प्रश्न उभा राहतो. समाधानी असणं हा आपल्याकडे गुण मानतात, हावरेपणाच्या उलटची बाजू. आईवडील पोटाला चिमटा काढून पैसे पाठवत असताना 'मी समाधानी नाही' असं लिहिणं म्हणजे कृतघ्नपणा, असं वाटून मुलं ६ किंवा ७ देतात. 'माझ्या आयुष्याबद्दल मला समाधान वाटतं' असं लिहिलं तर प्रश्न स्वभावाकडून वाटण्याकडे येतो. फरक एका क्रियापदाचा आहे, पण उत्तर देणाऱ्याला मोकळीक मिळते.

चौथ्यात आयुष्यात ज्या गोष्टी महत्त्वाच्या वाटतात त्या आतापर्यंत मिळाल्या का, असं विचारलंय. अनुवादात अडचण नाही, वयात आहे. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांना महत्त्वाच्या वाटणाऱ्या बहुतेक गोष्टी, म्हणजे नोकरी, पोस्ट, स्वतःचं घर, मनाजोगता जोडीदार, अजून पुढेच आहेत. स्पर्धा परीक्षेचा तिसरा अटेम्प्ट देणाऱ्याला तर हे वाक्य थेट जखमेवर बोट ठेवल्यासारखं आहे. म्हणून पहिल्या वर्षाची मुलं आणि एमपीएससीची तयारी करणारी मुलं यांची तुलना करताना चौथं वाक्य वेगळं काढून पाहावं. एकूण फरकातला बराचसा वाटा त्या एकाच वाक्याचा असू शकतो.

पाचवं वाक्य मूळ मापनीतही बाकीच्या चारांशी सर्वांत सैल बांधलेलं आहे. मूळ कर्त्यांच्या विश्लेषणातही ते तसंच दिसलं होतं. आयुष्य पुन्हा जगायला मिळालं तर जवळजवळ काहीच बदलणार नाही, या विधानाशी किती सहमत, असा तो प्रश्न. 'नाही' असलेल्या वाक्याला 'हो' म्हणायचं, यात घाईने भरणारे गोंधळतात. 'आयुष्य पहिल्यापासून पुन्हा जगायला मिळालं, तरी मी त्यात जवळजवळ काहीच बदलणार नाही' असं 'तर'च्या जागी 'तरी' घातलं की गोंधळ बराच कमी होतो. 'पुन्हा जन्म मिळाला तर' असं मात्र लिहू नये, उत्तरं पूर्वसंचिताकडे वळतात. शिवाय दहावीनंतर घरच्यांच्या आग्रहाने सायन्स घेतलेल्या मुलामुलींचा एक मोठा वर्ग आपल्याकडे आहे. आज त्यांचं सगळं ठीक चालू असलं तरी इथे ते १ देतात. तो १ वाया जाऊ देऊ नका, त्यात माहिती आहे.

पर्यायांच्या भाषेबद्दलही थोडं. 'पूर्णतः असहमत' ते 'पूर्णतः सहमत' ही ठरावाची भाषा झाली. 'अजिबात पटत नाही' पासून 'पूर्ण पटतं' पर्यंतची पट्टी लवकर समजते. अनुवाद पक्का करण्याची रीत जुनीच आहे : दोघांनी स्वतंत्र अनुवाद करायचा, मूळ न पाहिलेल्या तिसऱ्याने तो उलट इंग्रजीत न्यायचा, जिथे अर्थ सरकला तिथे दुरुस्ती करायची, आणि मग दहा-पंधरा विद्यार्थ्यांना एकेक वाक्य मोठ्याने वाचायला सांगून 'हे वाचून मनात काय आलं?' असं विचारायचं. ही शेवटची पायरी एका दुपारचं काम आहे आणि नेमकी तीच गाळली जाते. 'परिस्थिती'चा घोळ दुसऱ्या कुठल्याही पायरीवर पकडला जात नाही.

आता गूगल फॉर्म. पाच वाक्यं आणि सात रकाने असा तक्ता संगणकावर छान दिसतो. मोबाईलवर मात्र सगळे रकाने एका वेळी मावत नाहीत, उजवीकडे सरकवावं लागतं, आणि बरेच जण सरकवत नाहीत. डावीकडचेच आकडे निवडले जातात आणि अख्ख्या वर्गाचं समाधान फोनच्या रुंदीमुळे खाली येतं. तक्ता न वापरता प्रत्येक वाक्य स्वतंत्र लिनियर स्केलवर घ्यावं, १ ते ७, दोन्ही टोकांना शब्द. प्रश्नांचा क्रम बदलत राहण्याची सोय बंद ठेवावी. ईमेल गोळा करू नये. फॉर्म रेक्टरच्या खात्यावरून आला आणि वर नाव, खोली क्रमांक विचारला, तर सगळ्यांचं समाधान २५ च्या आसपास येऊन थांबेल.

कागदावर घेत असाल तर सुटलेल्या उत्तरांकडे लक्ष द्या. एक्सेलमधलं बेरजेचं सूत्र रिकामा चौकोन निमूट सोडून देतं, त्यामुळे चार वाक्यांची बेरीज पाचांची म्हणून पुढे जाते आणि विद्यार्थी उगाच 'असमाधानी' ठरतो. आधी काउंटच्या सूत्राने पाच उत्तरं आहेत का ते तपासा, मगच बेरीज घ्या. पाचही वाक्यं एकाच दिशेची आहेत, हा मापनीचा खरा दोष. सगळीकडे ६-६-६-६-६ असं ठोकून दिलेला कागद आणि मनापासून भरलेला कागद वेगळे ओळखता येत नाहीत.

किती फरकाला फरक म्हणायचं, हे तर फारच थोडे जण पाहतात. वरचेच आकडे घेतले, प्रमाण विचलन ६.४३ आणि अल्फा ०.८७, तर एका व्यक्तीच्या गुणातली मापनाची चूक साधारण २.३ येते. दोन्ही बाजूंना या चुकीच्या जवळजवळ दुप्पट अंतर धरायचं असतं. म्हणजे २२ गुण आले, तर खरा आकडा १७.५ ते २६.५ च्या दरम्यान कुठेही असू शकतो. तोच विद्यार्थी जूनमध्ये २२ आणि डिसेंबरमध्ये १८ वर आला, म्हणून 'समाधान घसरलं' असं म्हणता येत नाही. एका व्यक्तीच्या दोन वेळच्या गुणांत साधारण ६ पेक्षा जास्त अंतर असेल तरच बोलावं. गटाचं तसं नाही. ६०-६० जणांच्या दोन गटांच्या मध्यमानांत अडीच गुणांचा फरक असेल, तर तो गंभीरपणे घ्यावा. तुमच्या नमुन्याचं विचलन वेगळं आलं तर हे आकडेही बदलतील, गणित स्वतः करून पाहावं.

इथवर मापनीचं यंत्र झालं. पण ज्यासाठी हा सगळा खटाटोप, ते 'का' ती सांगतच नाही. समजा, दोन मुलींची बेरीज २० आली. एकीचे आकडे ४, ४, ४, ४, ४. दुसरीचे ६, २, ६, ५, १. पहिली बहुधा कंटाळलेली आहे, नाहीतर फॉर्म उरकतेय. दुसरीला स्वतःबद्दल बरं वाटतंय, पण आत्ता कुठेतरी अडचण आहे आणि मागचा एक निर्णय सलतोय. टप्प्यांच्या तक्त्यात दोघी एकाच ओळीत बसतात. म्हणून बेरजेबरोबर पाचही आकडे जपून ठेवावेत.

बेरीज आणि घटक यांच्यातलं अंतर भारतातल्याच एका अभ्यासात दिसलं होतं. रॉबर्ट बिस्वास-डीनर आणि एड डीनर यांनी कोलकात्यात झोपडपट्टीतल्या, फुटपाथवर राहणाऱ्या आणि देहविक्रय करणाऱ्या अशा ८३ जणांना विचारलं. एकूण आयुष्याबद्दलचं समाधान मध्याच्या किंचित खाली होतं, पण कुटुंब, नाती अशा एकेका गोष्टीबद्दल विचारल्यावर उत्तरं समाधानाच्या बाजूने झुकली. हा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांबद्दल बोलायचं तर डीनर आणि मार्टिन सेलिगमन यांनी २००२ मध्ये २२२ पदवी विद्यार्थ्यांमधल्या सर्वांत आनंदी दहा टक्क्यांकडे पाहिलं. त्यांच्याकडे चांगल्या घटना इतरांपेक्षा जास्त घडत होत्या असं नव्हतं. त्यांची माणसांशी असलेली नाती घट्ट होती. आणि ३१ देशांतल्या तेरा हजारांवर विद्यार्थ्यांच्या १९९५ च्या अभ्यासात स्वतःबद्दलचा आदर आणि जीवनसमाधान यांचा संबंध व्यक्तिकेंद्री समाजांत जास्त घट्ट दिसला, समूहकेंद्री समाजांत सैल. अमेरिकन घटकांची यादी उचलून सोलापूरच्या मुलांना लावली तर चुकेल, ते यामुळेच.

'एकदा पुण्याला गेलं की सगळं मार्गी लागेल' असं समजणाऱ्यांसाठी आणखी एक संशोधन उपयोगी आहे. शकेड आणि कानमन या संशोधकांनी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या दक्षिण कॅलिफोर्निया आणि मिडवेस्ट (मध्य-उत्तरेकडचा, कडक थंडीचा भाग) इथल्या विद्यापीठांतल्या सुमारे दोन हजार विद्यार्थ्यांची तुलना केली. कॅलिफोर्नियातली मुलं जास्त समाधानी असणार असं दोन्हीकडच्यांना वाटत होतं. प्रत्यक्षात एकूण समाधान जवळजवळ सारखंच निघालं. हवेबद्दलचं समाधान मात्र वेगळं होतं. नव्या शहरातली एक ठळक गोष्ट डोळ्यांसमोर आली की आपण तिलाच सगळं वजन देऊन बसतो.

म्हणून आमची शिफारस अशी, की मापनीला अर्ध्या पानाची पुरवणी जोडावी, आणि त्यातले प्रश्न समाधानाचे न ठेवता घडलेल्या गोष्टींचे ठेवावेत. 'झोपेबद्दल समाधानी आहात का?' याला काही अर्थ नाही. 'गेल्या ७ रात्रींपैकी किती रात्री ६ तासांपेक्षा कमी झोप झाली?' याला आहे. 'आर्थिक स्थिती कशी आहे?' ऐवजी 'महिना संपायच्या किती दिवस आधी पैसे संपतात?' आणि शिष्यवृत्ती, स्वाधार किंवा निर्वाह भत्ता मिळत असेल तर 'शेवटचा हप्ता खात्यात कुठल्या महिन्यात पडला?'. जेवणासाठी 'रविवारी संध्याकाळी मेस बंद असते तेव्हा काय खाता?' हा एक प्रश्न पुरतो. वडापाव, मॅगी की काहीच नाही, यावरून हातातले पैसे आणि सोबत दोन्ही कळतं. मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी 'इंग्रजीत विचारावी लागेल म्हणून गेल्या आठवड्यात वर्गात किती शंका विचारल्या नाहीत?'. अभ्यासक्रम कोणी निवडला, स्वतः, घरच्यांनी की कॅप राउंडने (केंद्रीय प्रवेश फेरीने)? आणि नात्यांसाठी सगळ्यात नेमका प्रश्न : 'रात्री अकराला ताप भरला तर कोणाला उठवाल?' नाव लिहायचं नाही, फक्त खोलीतलं, मजल्यावरचं, शहरातलं, गावाकडचं की कोणीच नाही, यावर खूण करायची. 'कोणीच नाही' वर पडलेल्या खुणा आधी मोजा, बाकीचं विश्लेषण नंतर.

पुरवणी नेहमी मापनीच्या नंतर. १९८८ मध्ये स्ट्रॅक, मार्टिन आणि श्वार्झ यांनी विद्यार्थ्यांना आयुष्यातलं सुख आणि गेल्या महिन्यातल्या डेट्स, हे दोनच प्रश्न क्रम बदलून विचारले. सुखाचा प्रश्न आधी होता तेव्हा दोन्ही उत्तरांतला सहसंबंध उणे ०.१२ आला, म्हणजे जवळजवळ नाहीच. डेट्सचा आधी होता तेव्हा ०.६६. पुढच्या अभ्यासांत क्रमाचा परिणाम सरसकट इतका मोठा आढळला नाही, पण क्रम बरोबर ठेवायला काही खर्च येत नाही. मेसबद्दलचे प्रश्न आधी आणि आयुष्याबद्दलचे नंतर विचारले, तर आयुष्यालाही भाजीची चव लागते. वेळही पाहून निवडा. निकालाचा आठवडा, सबमिशनचा आठवडा आणि दिवाळीच्या सुट्टीच्या आदले दिवस टाळा. सत्र सुरू होऊन सहा ते आठ आठवडे झाले की घ्या आणि पुढच्या सत्रात त्याच आठवड्यात पुन्हा घ्या.

एक गोष्ट स्पष्ट समजून घ्यायला हवी : ही मापनी नैराश्य तपासत नाही. ५ ते ९ गुण म्हणजे निदान नव्हे, आणि २८ गुण म्हणजे 'काळजीचं कारण नाही' असंही नव्हे. नैराश्याची चाळणी करायची तर पीएचक्यू-९ सारखी वेगळी प्रश्नावली आहे. ती गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारते, गुण ० ते २७, आणि १० किंवा जास्त आले तर पुढची तपासणी. तिचा नववा प्रश्न जीव नकोसा होण्याबद्दलचा आहे. त्याचं उत्तर आलं त्याच दिवशी बोलायला माणूस तयार नसेल तर ती वाटूच नये. निनावी फॉर्ममध्ये कोणापर्यंत पोहोचता येत नाही, म्हणून शेवटच्या पानावर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक ठळक छापा. केंद्र सरकारची ही मानसिक आरोग्याची फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास चालते आणि मोफत आहे. त्याच पानावर कॉलेजच्या समुपदेशकाच्या खोलीचा क्रमांक आणि बसण्याची वेळही द्या. नुसतं 'समुपदेशन कक्ष उपलब्ध' वाचून कोणी जिना चढत नाही.

गटाचा निकाल दोन आठवड्यांच्या आत वसतिगृहाच्या फलकावर लावा : मध्यमान, किती जणांनी भरलं, आणि पुरवणीतून निघालेल्या दोन गोष्टी ज्या याच सत्रात बदलणार आहात, तारखेसकट. रविवारी संध्याकाळची मेस सुरू करणं ही त्यातली एक असू शकते. दहापेक्षा कमी मुलांच्या मजल्याचे आकडे वेगळे लावू नका, कोणी काय भरलं ते ओळखू येतं. फलकावर काहीच लागलं नाही, तर पुढच्या सत्रात शंभरातले चाळीसच फॉर्म परत येतील, आणि त्यांत बहुधा नसतील ती 'कोणीच नाही' वर खूण करणारी मुलं.